डांबराचा धूर आणि ठकूबाईची बरणी

महाडला हवा खायला कोणी जात नाही. हवा खायची असली की लोक महाबळेश्वरला जातात, वाटेत पोलादपूरच्या स्टँडवर चहा पितात आणि नाक मुरडून पुढे निघतात. मी मात्र मुद्दाम महाडचीच हवा खायला गेले आणि तेही दोनदा. परत आल्यापासून ठाण्यातल्या शेजारणी विचारताहेत, "तिकडे बघण्यासारखं काय आहे हो?" पुष्कळ आहे. माणसं किती सरळ चेहऱ्यानं खोटं बोलू शकतात हे बघायचं असेल, तर इतका सुखाचा प्रवास दुसरा नाही.

निमित्त झालं सुनंदाच्या फोनचं. सुनंदा माझी जुनी विद्यार्थिनी. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते तेव्हा ती पहिल्या बाकावर बसायची. आता बिरवाडीच्या शाळेत विज्ञान शिकवते. ती म्हणाली, "बाई, वरच्या वाडीवरून येणाऱ्या मुलींच्या ओढण्यांना टाचणीएवढी भोकं पडताहेत. भोकाभोवती तेलकट काळा डाग. तुम्ही एकदा येऊन बघाल का?"

औद्योगिक वसाहतीतली एक कंपनी (नाव घेत नाही, फुकट जाहिरात कशाला?) स्वतःपुरती वीज तयार करते. आजवर ती त्यासाठी भट्टीचं तेल जाळायची. आता तिला परदेशातून एक स्वस्त इंधन मिळालं होतं. पाण्यात घुसळून पातळ केलेलं डांबर! साहेबलोक त्याला इमल्शन म्हणतात. चाचणी म्हणून ते जाळायला सुरुवात झाली होती, आणि कायमच्या परवानगीसाठी महिन्याभरानं महाडला जाहीर सुनावणी होती. त्याआधी वाडीवर काय पडतंय हे दाखवता आलं, तरच परवानगी अडणार होती. नाहीतर ते डांबर वाडीच्या छातीत कायमचं बसणार होतं.

वीर

वीर स्टेशनवर गाडी थांबते ती उपकार केल्यासारखी. मी बॅग आणि रुंद तोंडाच्या तीन काचेच्या बरण्या सांभाळत उतरते न उतरते, तोच ती निघालीसुद्धा. बाहेर रिक्षावाल्यानं बरण्यांकडे बघून विचारलं, "मावशी, लोनच्याच्या काय?"

"नाही. हवेच्या."

"आमच्या हवेच्या? भरून नेनार?"

"हो. नुसती उघडी ठेवायची. वरून पडतं ते आत साठतं. महिन्यानं काढून तपासायचं."

तो इतका हसला की समोरचा खड्डा त्याला दिसला नाही, आणि एक बरणी तिथेच फुटली. मागे वळून बघत तो म्हणाला, "एक तर भरली बघा." मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. त्यानं ते ऐकून घेतलं, आणि थोडं पुढे गेल्यावर शांतपणे म्हणाला, "कंपन्या हायत म्हनून रिक्षा हाय, मावशी. बंद नका पाडू." मी उरलेल्या दोन बरण्या मांडीवर घेतल्या आणि रस्त्याकडे बघत बसले.

बिरवाडी

बिरवाडीत निम्मी घरं कामगारांना भाड्यानं दिलेली. दर पाळीला मोटरसायकलींचा जथा जातो आणि तसाच एक येतो. सुनंदानं माझ्यासाठी कुळथाचं पिठलं आणि तांदळाची भाकरी केली होती. ठाण्यात मी पिठल्याला हात लावत नाही, इथे दोनदा वाढून घेतलं. एक बरणी आम्ही तिच्याच गच्चीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या साहेबांनी आम्हाला बोलावलं होतं. हा चाळिशीतला इंजिनिअर. फेब्रुवारीच्या त्या उकाड्यातही टाय लावलेला, आणि टायवर सकाळच्या पोह्यातली हळद. त्यानं काचेच्या पेल्यात इंधन आणून दाखवलं. दिसायला पातळ कॉफी.

"यात जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी असतं मॅडम. त्यामुळे धूर मुळातच स्वच्छ."

मी आयुष्यभर मुलांना नापास केलंय, पण इतक्या आत्मविश्वासानं चुकलेला विद्यार्थी मला मिळाला नव्हता. डांबरात गंधक असतं, भरपूर असतं. व्हॅनेडियम असतं, निकेल असतं. पाण्यात घुसळलं म्हणून त्यातलं काहीही कुठे जात नाही. शेण दुधात कालवलं म्हणून त्याची बासुंदी होत नाही! पाण्यामुळे डांबराचे थेंब बारीक फुटतात आणि नीट जळतात, एवढं खरं. पण जळून जी राख उरते तीही तितकीच बारीक. नाकातले केस तिला अडवू शकत नाहीत. आणि गंधकाचा धूर दमटपणाशी भेटला की त्याचं आम्ल होतं, ते काजळीवर बसतं, आणि तो ठिपका ओढणीवर पडला की भोक.

"गंधक धुऊन काढायचं यंत्र बसवलंय?" मी विचारलं.

"ते दुसऱ्या टप्प्यात."

"आणि पहिल्या टप्प्यात?"

"पहिल्या टप्प्यात उंच चिमणी." त्यानं खिडकीतून अभिमानानं दाखवली. वसाहतीतल्या ठेंगण्या चिमण्यांमध्ये ती खरोखरच उंच होती. "धूर सगळा वरून निघून जातो मॅडम. खाली बिरवाडीला त्रास नाही."

भिंतीवर नकाशा होता. चिमणीभोवती सुबक वर्तुळं, त्यात गावांचे ठिपके. पूर्वेला नुसता हिरवा रंग.

"इथे काय आहे?"

"डोंगर."

"डोंगरावर?"

"डोंगरच, मॅडम."

सुनंदानं माझा हात दाबला नसता, तर तो नकाशा मी त्याच्या टायला गुंडाळला असता. तिनं शांतपणे सांगितलं की तिच्या वर्गातल्या मुली त्या हिरव्या रंगातून रोज चालत येतात. साहेब हसला. "त्या लोकांच्या चुली असतात, शेत भाजायचे राब असतात, वणवे असतात. काजळी असणारच. आणि तिथे हवा मोजायचं सरकारी यंत्र नेता येत नाही, कारण ते विजेवर चालतं. वाडीत वीज नाही."

म्हणजे वीज नाही म्हणून यंत्र नाही आणि यंत्र नाही म्हणून धूर नाही. आणि हे आम्हाला कोण सांगतंय? तर डोंगराच्या पायथ्याशी बसून वीज तयार करणारा माणूस! त्यानं दिलेली बिस्किटं मी खाल्ली नाहीत. सुनंदानं खाल्ली. ती म्हणाली, शाळेत जाऊन परत तास घ्यायचाय.

पोलादपूर आणि वर

मुली उतरून येतात ती पायवाट माझ्या वयाला झेपणारी नव्हती, म्हणून वाडीला जायला आम्ही पोलादपूरला एसटीनं गेलो. स्टँडजवळच्या खानावळीत सुकट मागितली तर मालकानं "बाईमाणसाला तिखट होईल" म्हणून सल्ला दिला, आणि मग सूड उगवल्यासारखी तिखट आणली. नाकाडोळ्यांतून पाणी काढत मी ती संपवली, कारण त्याला आनंद द्यायचा नव्हता. पुढे जीप, आणि जीप हात टेकते तिथून चढ.

वाडी म्हणजे उतारावरची दहाबारा घरं, म्हशींचे गोठे आणि नाचणीसाठी भाजून काढायचे जमिनीचे तुकडे. विजेचे खांब आलेत, तारा आल्यात, वीज तेवढी यायची राहिलीय. अंगणाच्या कडेला उभं राहिलं की खाली वसाहत दिसते. आणि चिमणी? चिमणी खाली दिसत नाही. तिचं तोंड समोर दिसतं, बोळापलीकडच्या शेजारणीच्या खिडकीसारखं. धूर बिरवाडीच्या डोक्यावरून जावा म्हणून ती जेवढी उंच बांधली, तेवढा तो वाडीच्या नाकाजवळ पोचला. दुपारी वारा खालून वर चढायला लागला तसा तो निळसर-तपकिरी पट्टा सरळ आमच्याकडे आला. घशात जुनी काडेपेटी पेटवल्याचा वास बसला. मला राग आला, फार राग आला, आणि शिव्या द्यायला जवळपास कोणी लायक माणूस नव्हता.

ठकूबाईच्या घरी आम्ही उतरलो. ही साठीची, खणखणीत आवाजाची, म्हशी आणि तूप यांच्या जोरावर घर चालवणारी बाई. माझ्या पाण्याच्या बाटलीच्या बुचाकडे बघून तिनं पहिलं वाक्य उच्चारलं ते, "बाय, हे कदी धुतलं होतंस?"

ती अशी का, ते नंतर कळलं. बिरवाडीचा किराणावाला वर्षानुवर्षं तिचं तूप घ्यायचा. या चाचणीच्या दिवसांत तुपात काळे कण निघाले. दूध तापवायला, विरजायला, लोणी कढवायला भांडी अंगणात असतात, धूर त्यांच्यावर उतरतो. किराणावाल्यानं चार गिऱ्हाइकांदेखत तूप परत केलं.

"मला म्हनतो, मावशी, भांडी मळकी हायत तुमची." ठकूबाईनं शेजारचं पातेलं उचलून माझ्यापुढे धरलं. "माझी भांडी! अख्ख्या वाडीत लगीन असलं की भांडी माझ्याकडून नेतात. आनि हा म्हनतो मळकी!"

शेजारणी मान हलवत होत्या. तूप परत आलं याचं दुःख होतंच, पण खरा घाव भांड्यांवर बसला होता. ठाण्यात मला कोणी "तुमची भांडी मळकी" म्हणालं, तर मी कामवालीकडे बोट दाखवीन. इथे ती सोय नव्हती.

मी बरणी काढली, गोठ्याच्या मांडवावर ठेवली आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं. झाकण लावायचं नाही. हलवायची नाही. आत जे पडेल ते पडू द्यायचं. महिन्यानं, महाडच्या सुनावणीआधी, मी येऊन नेईन.

"झाकन नाय लावायचं," ठकूबाई म्हणाली. "समजलं. पाहुन्याचं भांडं हाय, जपीन." मग तिनं नाचणीची भाकरी, लसणाची चटणी आणि लोटाभर ताक पुढे ठेवलं. मी निर्धास्त झाले.

पुन्हा वर

महिन्यानं, सुनावणीच्या आदल्या दिवशी, आम्ही परत चढलो. शिमगा तोंडावर होता, वाडीत ढोल तापवून बघणं चाललं होतं. बिरवाडीची बरणी मी सकाळीच पाहिली होती. तिच्यात रस्त्याची लाल धूळ आणि एक मेलेली माशी. साहेबांचं तेवढं खरं होतं, खाली काही पडत नव्हतं. आता सगळी भिस्त वरच्या बरणीवर.

ठकूबाईनं ती दोन्ही हातांनी आणून माझ्या पुढ्यात ठेवली. लखलखीत. दुकानातून आणताना नव्हती इतकी. आणि गळ्यापर्यंत रवाळ तूप.

माझ्या तोंडून जो आवाज निघाला, त्यानं गोठ्यातली म्हैस उभी राहिली.

"ही धुतली?"

"मग! काळी होत होती की. रोज घासली."

"अहो, ते काळंच तर हवं होतं मला!"

ठकूबाई माझ्याकडे बघत राहिली, एखाद्या खुळीकडे बघावं तशी. "पाहुन्याचं भांडं काळं ठेवू? दारात? येनारा-जानारा काय म्हनंल? आनि रिकामं परत देतात व्हय कोनी? झाकन मात्र एक दिवस लावलं नाय. तू सांगितलंस तसं."

मी तिथल्या तिथे काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. खुळेपणा हा शब्द त्यात होता. महिन्याची मेहनत, एवढी वाडी, एवढ्या पोरी, आणि पुरावा काय, तर तूप! सुनंदा दगडावर बसून आधी हसली आणि मग डोळे पुसायला लागली. बरणी मी तिथेच टाकली आणि तरातरा उतरून आले. मागून ठकूबाईचं एकच वाक्य ऐकू आलं, "भरलेलं भांडं नाकारून गेली, बाय."

महाड

सुनावणी एका सभागृहात होती. दारात कंपनीच्या पोरी गुलाबाचं फूल आणि खाऊचा डबा देत होत्या. सामोसा, वेफर्स, पेढा. विरोध करायला आलेल्यांनाही डबा होता, आणि विरोध करायला आलेले तो खात होते. दुसऱ्या रांगेत बिरवाडीचा किराणावाला पेढ्याचा कागद सोडवत बसला होता. सुनंदानं तो दाखवला. मंचावर अध्यक्ष म्हणून एक सरकारी अधिकारी, त्यांच्या चेहऱ्यावर जेवणाआधी संपवायची घाई. बाजूला टायवाले साहेब. टाय नवा होता.

साहेबांनी पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. चिमणीतून पांढरा ढग निघतो आणि चित्राच्या कडेबाहेर जातो. तिथे पुढे काय आहे, हा पडद्याबाहेरचा प्रश्न. मग मी उठले. गंधक, व्हॅनेडियम, आम्लाचे ठिपके, सगळं सांगितलं. अध्यक्षांनी जांभई आवरून विचारलं, "मॅडम, वाडीवर हे पडतं याला पुरावा?"

"बरणी ठेवली होती. ती रोज काळी व्हायची."

"कुठे आहे?"

तेव्हाच मागचं दार उघडलं आणि ठकूबाई आत आली. सोबत वाडीतल्या तीनचार बायका. डोक्यावर पदर, हातात ती बरणी. मला बघताच तिनं मान दुसरीकडे केली आणि बरणी माझ्यासमोर टेकवली. "भरलेलं भांडं दारात नाय ठेवीत आमी. घे तुझं."

साहेब मंचावरून उतरलेच. त्यांनी बरणी उचलली, उजेडात धरली आणि अख्ख्या सभागृहाला फिरवून दाखवली. असा आनंद मी निकालाच्या दिवशीही कोणाच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता.

"हा मॅडमचा पुरावा! महिनाभर वाडीवर उघडी होती. एक डाग दाखवा. इतकं स्वच्छ भांडं मी आमच्या कॅन्टीनमध्ये पाहिलेलं नाही!" लोक हसले. "आणि समजा झाली असेल काळी, तर चुलीच्या काजळीनं. मावशी, खरंच सांगतो, तुमची भांडी म्हणजे आरसा आहेत."

मी डोळे मिटून घेतले. संपलं, असं मला वाटलं.

पण ठकूबाईनं डोळे मिटले नव्हते. तिची भांडी स्वच्छ आहेत असं एक टायवाला माणूस भरसभेत म्हणाला होता, आणि दुसऱ्या रांगेत तो किराणावाला बसलेला होता. ती ताठ झाली. पदर खोचला. आणि कोणी भांड्यांचं कौतुक केलं की बाईमाणूस जे सांगतं, ते तिनं सांगायला सुरुवात केली.

"मग! मेहनत हाय त्याला. चुलीची काजळी काय, मूठभर राख लावली की जाते. कैक वरसं झाली घासतेय. ही नाय जात. ही चिकट, डांबरावानी. राख लावली, नाय. चिंच लावली, नाय. वाळू लावली, नाय. मग रॉकेल लावलं तवा सुटली. रोज सकाळी रॉकेलनं पुसायची, मग राखेनं घासायची, दुपारी वारा चढला की परत काळी. माझी बोटं बघा." तिनं हात पुढे केले. नखांच्या कडा काळ्या, कातडी सोलवटलेली. "रेशनचं रॉकेल भांड्यांवर गेलं. आता दिव्याला नाय. आमी उजेड हाय तवरच जेवून घेतो. पन भांडं मळकं नाय ठेवलं. दुधाचं नाय, तुपाचं नाय, आनि पाहुन्याचं तर नायच."

मागच्या बायकांतून एक म्हणाली, "माझं पन रॉकेल संपलं." मग दुसरी, मग तिसरी.

वेफर्सचा आवाजसुद्धा थांबला. साहेबांच्या हातात बरणी तशीच होती, आणि ती खाली ठेवावी की धरून ठेवावी हे त्यांना कळत नव्हतं. बाजूचा लेखनिक अध्यक्षांकडे बघून हळूच म्हणाला, "लिहू?"

"लिहा," अध्यक्ष म्हणाले. पहिल्यांदाच ते सरळ बसले. "बाई म्हणाल्या तसंच लिहा." आणि साहेबांना विचारलं, "चुलीच्या काजळीला रॉकेल लागतं का हो?"

"तपासून सांगतो, सर."

अध्यक्षांनी तिथेच सांगितलं की जनरेटर लावून यंत्र वाडीवर नेल्याशिवाय आणि तिथली हवा मोजल्याशिवाय परवानगीचा विषय पुढे जाणार नाही, आणि तोवर हे इंधन जाळायचं नाही. पुढे कंपनी पुन्हा जुन्या तेलावर गेली, असं सुनंदानं फोनवर सांगितलं. त्या तेलातही गंधक असतंच, तेव्हा मी काही टाळ्या वाजवलेल्या नाहीत. वाडीत वीज अजून आलेली नाही. नकाशावर डोंगर अजून हिरवाच असेल.

सभा उठली तशी मी ठकूबाईकडे गेले. माफी मागायची, ती बरणी मागितली. तिनं साहेबांच्या हातातून ती काढून माझ्या हातात दिली. "सांडू नको," एवढंच म्हणाली. तेवढ्यात किराणावाला वाट काढत आला. खाऊचा डबा त्यानं पाठीमागे धरला होता.

"मावशी, झालं गेलं सोडा. उद्या तूप घेऊन या दुकानात."

ठकूबाईनं त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या पेढ्यानं चिकट झालेल्या बोटांकडे बघितलं.

"मी नाय येत. तू वर ये. येताना तुझं भांडं आन," ती म्हणाली. "आनि धुऊन आन."